पोटातल्या बाळाचं हृदय आणि घराण्यातला रक्ताचा आजार: कधी, काय आणि कशासाठी तपासायचं

विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी होते. रिपोर्टवर लिहिलेलं असतं, हृदयाचे चारही कप्पे नॉर्मल. नवरा-बायको दोघंही सिकलचे ‘एएस पॅटर्न’, म्हणजे वाहक: दोन जनुकांपैकी एकच बिघडलेलं, स्वतःला आजार नाही पण मुलाला होऊ शकतो. त्यामुळे घर धास्तावलेलं. रिपोर्ट वाचून सासूबाई म्हणतात, “चला, सुटलो. बाळाला काही नाही.”

गफलत इथंच होते. सिकल सेल किंवा बीटा थॅलेसेमिया असलेल्या बाळाचं हृदय आईच्या पोटात ठणठणीतच असतं. आजार असला तरीही. सोनोग्राफी खरं तेच सांगत असते, आपण तिला भलताच प्रश्न विचारलेला असतो. आणि याच्या अगदी उलट, अल्फा थॅलेसेमियाच्या सर्वांत जड प्रकारात बाळाचं हृदय बाराव्या-तेराव्या आठवड्यातच मोठं दिसू लागतं, पोटात पाणी दिसायच्या कितीतरी आधी.

म्हणून घराण्यात रक्ताचा आजार असेल तर ‘बाळाचं हृदय कसं आहे?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, आजार नेमका कोणता?

हा फरक कुठून येतो

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात. मोठ्या माणसात दोन अल्फा आणि दोन बीटा. पोटातल्या बाळात मात्र दोन अल्फा आणि दोन गॅमा. बीटाची साखळी पोटात अगदी थोडी तयार होते, जन्मानंतर ती हळूहळू गॅमाची जागा घेते आणि साधारण सहा महिन्यांत कारभार तिच्या हाती येतो. सिकल आणि बीटा थॅलेसेमिया हे दोन्ही बीटा साखळीचे दोष. ज्या साखळीची पोटात गरजच नाही, ती बिघडली तरी बाळाला तिथं काही कळत नाही. म्हणून ही मुलं जन्मतात तेव्हा गुटगुटीत असतात आणि पाचव्या-सहाव्या महिन्यापासून फिकी पडू लागतात, किंवा हातापायाची बोटं सुजून रडू लागतात.

अल्फा साखळी मात्र पहिल्या काही आठवड्यांनंतर सतत लागते. तिची एकूण चार जनुकं, सोळाव्या गुणसूत्राच्या जोडीवर दोन-दोन. चारही नसली तर गॅमा साखळ्या आपसातच चौकडी जमवतात. त्या हिमोग्लोबिनला ‘बार्ट्स’ म्हणतात. ते प्राणवायू घेतं, पण सोडत नाही. रक्त वाहतंय आणि पेशी उपाशी, अशी अवस्था. बाळ तगून राहतं ते भ्रूणावस्थेतल्या ‘पोर्टलंड’ नावाच्या हिमोग्लोबिनच्या थोड्याशा शिल्लकीवर.

हृदयापुढे मग एकच उपाय उरतो: जास्त रक्त ढकलायचं. रक्त पातळ झालेलं असल्यामुळे ते वाहतंही वेगानं. दर ठोक्याला जास्त रक्त भरायचं, म्हणून कप्पे रुंदावतात. बाळाचं हृदय हा भार बरेच आठवडे पेलतं, आकुंचनाची ताकदही टिकवून धरतं. त्यामुळे ‘हृदय छान आकुंचन पावतंय’ एवढ्यावर निर्धास्त व्हायचं नाही. आकार आधी बदलतो, ताकद खूप नंतर जाते.

पायरी १: दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवा

शक्यतो दिवस राहण्याआधी. जमलं नाही तर पहिल्या भेटीत, आठव्या-दहाव्या आठवड्याच्या आत. दोघांचा सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) आणि दोघांची एचपीएलसी (रक्तात कोणतं हिमोग्लोबिन किती, ते सांगणारी चाचणी). आधी बायकोची करू, काही निघालं तर नवऱ्याची, असं करण्यात हमखास तीन-चार आठवडे जातात. पुढे प्रत्येक आठवडा मोलाचा आहे, तेव्हा रक्त एकाच दिवशी द्या.

कागदावर काय बघायचं? सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली किंवा एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल तर थांबून विचार करायचा. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-टू ४ टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे बीटाचा वाहक. ३.५ ते ४ मध्ये असेल तर सीमारेषा, तिथं जनुकीय तपासणी करून घ्यावी. लोह फार कमी असेल तर ए-टू खोटंच कमी दिसू शकतं, आणि आपल्याकडे गरोदर बाईचं लोह कमी असणं ही नेहमीचीच गोष्ट. त्यामुळे ‘ए-टू नॉर्मल, लोहाच्या गोळ्या घ्या’ एवढ्यावर विषय संपवू नका, विशेषतः नवरा मायनर असेल तर.

सिकलच्या शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी ही फक्त चाळणी आहे. एएस (वाहक) आणि एसएस (दोन्ही जनुकं बिघडलेली, म्हणजे आजार) यातला फरक ती सांगत नाही. आणि तिच्यातून बीटा मायनर साफ निसटतो. एक जण एएस आणि दुसरा बीटा मायनर, अशा जोडीलाही आजारी मूल होऊ शकतं, त्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात. ‘माझं सिकल, त्याचं थॅलेसेमिया, वेगवेगळं आहे म्हणजे चालतं’ हा समज सुशिक्षित घरांतही असतो. हिमोग्लोबिन डी-पंजाब किंवा ई (बदललेल्या हिमोग्लोबिनचे आणखी दोन प्रकार) निघालं तरी तेच, कागद समुपदेशकाला दाखवल्याशिवाय हिशेब मांडू नका.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाधित मूल होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची दोन, पूर्ण मोकळं होण्याची एक. प्रत्येक खेपेला नव्यानं. मागचं बाळ बाधित होतं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत.

पायरी २: अल्फाचा प्रश्न आपल्याला आहे का, ते ठरवा

अल्फाच्या वाहकाची एचपीएलसी सहसा पूर्ण नॉर्मल येते. एमसीव्ही कमी, लोह व्यवस्थित, ए-टू नॉर्मल, अशी तिन्ही लक्षणं दोघांमध्येही असतील तर अल्फा जनुकांची डीएनए तपासणी मागा.

भारतात अल्फाचे वाहक बरेच आहेत, आदिवासी समाजांत तर खूपच. पण इथं बहुतेकांच्या गुणसूत्रावरचं एकच जनुक गळालेलं असतं, दुसरं शाबूत. अशा दोघांच्या बाळाला निदान दोन जनुकं तरी मिळतातच. ते बाळ थोडं फिकं असेल, त्याच्या हृदयाला धोका नाही. चारही जनुकं गळायला आई आणि बाप दोघांच्याही एकाच गुणसूत्रावरची दोन्ही जनुकं जायला लागतात. तसा प्रकार थायलंड, दक्षिण चीन, व्हिएतनाम, फिलिपिन्स या पट्ट्यात सर्रास आढळतो आणि भूमध्य समुद्राकाठीही थोडाफार. हाँगकाँगमध्ये शंभरातले सुमारे पाच जण अल्फाचे वाहक. बाळाच्या हृदयाच्या मापांवरून हा आजार ओळखायची पद्धत हाँगकाँगमध्ये आणि थायलंडच्या चियांग माईमध्ये घडली, ती यामुळेच. चियांग माईतले डॉ. थीरा तोंगसोंग आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं याच विषयावर काम करत आले आहेत.

म्हणजे नागपूर-गडचिरोलीतल्या किंवा उल्हासनगरातल्या जोडप्यासाठी पुढचा मार्ग पायरी ३ चा. सिंगापूर, हाँगकाँग, बँकॉकला राहणाऱ्या आणि तिथल्या घरात लग्न झालेल्या मराठी माणसासाठी पायरी ४ आणि ५ चा. रिपोर्ट येईपर्यंत दोन्ही वाचून ठेवा.

पायरी ३: सिकल आणि बीटा असेल तर हृदयाकडे नाही, कॅलेंडरकडे बघा

इथं उत्तर फक्त बाळाच्या डीएनएतून मिळतं. ११ ते १४ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन तपासतात. ती वेळ हुकली तर १६ व्या आठवड्यापासून गर्भजल. पण बाळाचा नमुना तपासण्याआधी आई-बापाच्या जनुकात नेमका बदल कोणता, ते माहीत असावं लागतं. सिकलचा बदल सगळ्यांत एकच, त्यामुळे तिथं काम सोपं. बीटा थॅलेसेमियात बदल अनेक. भारतात आयव्हीएस-वन-फाइव्ह नावाचा सर्वांत जास्त, तर सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असणं नेहमीचं. हे शोधायला दिवस लागतात. म्हणून दोघांचं डीएनएचं रक्त दहाव्या आठवड्याच्या आत प्रयोगशाळेत पोचलेलं बरं. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था या तपासण्या अनेक वर्षं करते आहे. जिल्हा रुग्णालयाच्या सिकल कक्षातून चिठ्ठी घेऊन गेलात तर वाट लवकर सापडते.

कायद्याचे दोन मुद्दे. वार किंवा गर्भजल तपासताना लिंगनिदानबंदी कायद्याखालचा एफ फॉर्म भरला जातो, मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. दुसरं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपातासाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ आठवड्यांत दोघांचं लागतं आणि तेही ठरावीक कारणांसाठीच. २४ आठवड्यांनंतर बाळात गंभीर दोष असेल तरच, वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं. निर्णय काहीही असो, तो तुमचा. पण रिपोर्ट सोळाव्या आठवड्यात हातात असणं आणि तेविसाव्यात असणं यात फार फरक पडतो.

एक गोष्ट समुपदेशकाला मुद्दाम विचारा. ‘एसएस’ असा डीएनए रिपोर्ट आजार आहे एवढंच सांगतो, तो किती जड असेल हे सांगत नाही. भारतातल्या पुष्कळ सिकल रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं, त्यामुळे काहींना त्रास कमी होतो. पण विदर्भात जड रूपही दिसतं. एकाच घरातल्या दोन भावांचं आयुष्य वेगळं जाऊ शकतं.

पायरी ४: अल्फाचा धोका असेल तर १२ व्या आठवड्यापासून हृदयाची मापं

पहिलं माप सगळ्यांत साधं आहे: छातीच्या रुंदीच्या मानानं हृदय किती रुंद. रिपोर्टवर ते ‘सीटी रेशो’ म्हणून येतं. चारही कप्पे दिसतील असा आडवा छेद घ्यायचा, हृदय पूर्ण भरलेलं असताना बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत त्याची रुंदी मोजायची आणि त्याच पातळीवर छातीची. १२-१३ आठवड्यांना गुणोत्तर ०.५० किंवा जास्त म्हणजे संशय. छेद तिरका गेला की आकडा चुकतो, म्हणून तीनदा मोजून सरासरी घेतली का, हे विचारायला लाजू नका. काही ठिकाणी रुंदीऐवजी क्षेत्रफळ मोजतात. तिथं नॉर्मल हृदय छातीचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापतं. दोन रिपोर्टची तुलना करताना रुंदी आहे की क्षेत्रफळ, ते आधी बघा. नाहीतर ०.३४ वरून ०.४८ झालं म्हणून उगाच रात्रभर झोप लागत नाही.

दुसरं माप मेंदूच्या मधल्या धमनीतला रक्ताचा वेग, ‘एमसीए पीएसव्ही’. रक्त पातळ असेल तर तो वाढतो. २००० साली जियानकार्लो मारी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वेग त्या आठवड्याच्या मध्यम मूल्याच्या दीडपट झाला तर बाळात मध्यम किंवा तीव्र रक्तक्षय असण्याची शक्यता मोठी, आणि तेव्हापासून दर वेळी नाळेत सुई घालून रक्त काढायची गरज सरली. आकडे लक्षात ठेवायचे तर २० आठवड्यांना मध्यम वेग सेकंदाला साधारण २५.५ सेंटिमीटर, दीडपट ३८. २४ ला ३०.७ आणि ४६. २८ ला ३६.९ आणि ५५. रिपोर्टवर नुसता वेग असेल तर ‘किती एमओएम?’, म्हणजे मध्यम मूल्याच्या किती पट, असं विचारा. आठवड्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

हे माप घेताना बाळ शांत हवं. ते हालत असेल किंवा श्वासाच्या हालचाली करत असेल तर वेग खोटा वाढतो. डॉप्लरची, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीची, रेघ धमनीच्या सरळ रेषेत पडायला हवी. सोनोलॉजिस्ट दहा मिनिटं नुसते वाट बघत बसले तर ते काम चोख करताहेत असं समजा. १६-१८ आठवड्यांच्या आधी या मापावर फार भिस्त ठेवू नये, आणि ३५ नंतर खोटी धोक्याची घंटा जास्त वाजते.

या दोन मापांच्या जोरावर पुष्कळ जोडप्यांची सुई टळते. चारातली तीन बाळं अल्फाच्या या जड प्रकारातून सुटलेली असतात. १२ व्या आठवड्यापासून थोड्या-थोड्या अंतरानं मापं घेत गेलं आणि ती नॉर्मल राहिली, तर वार तपासायची वेळच येत नाही. मापं बिघडली तर मात्र डीएनएनं खात्री करून घ्यायची, कारण हृदय मोठं दिसायला जन्मजात हृदयदोष, संसर्ग, आईच्या प्रतिपिंडांमुळे होणारा रक्तनाश अशी इतरही कारणं आहेत.

पायरी ५: फिटल इकोचा रिपोर्ट वाचताना

फिटल इको म्हणजे बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी. ती साधारण १८ ते २४ आठवड्यांत करतात. रक्तक्षयाचा संशय असेल तर लवकर आणि वारंवार. त्यात पुढच्या गोष्टी शोधा.

झडपेतून गळती. उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेत किंचित गळती एरवीही दिसते. ती वाढत असेल, किंवा डाव्या बाजूलाही सुरू झाली असेल, तर हृदय दमतंय.

डक्टस व्हिनोसस, म्हणजे नाळेतलं रक्त हृदयाकडे नेणारी बारीक वाहिनी, तिच्यातली ‘ए’ लाट. वरचा कप्पा आकुंचन पावतो त्या क्षणी तिथलं रक्त पुढेच जायला हवं. ते थांबलं किंवा उलटं फिरलं तर हृदयातला दाब वाढलाय. नाळेच्या शिरेत ठोके दिसू लागले तर त्याहून पुढची अवस्था.

टेई इंडेक्स. जपानी हृदयरोगतज्ज्ञ चुवा टेई यांच्या नावानं ओळखला जाणारा हा आकडा, हृदय रक्त ढकलण्यात किती वेळ घालवतं आणि नुसतं आवळण्या-सैलावण्यात किती, याचं गुणोत्तर. तो वाढला की काम अवघड चाललंय. पण मोजणाऱ्यागणिक आणि यंत्रागणिक तो बदलतो. माझं मत विचाराल तर एकाच ठिकाणी, एकाच हातानं घेतलेल्या मापांची चढउतार बघावी, एकट्या आकड्यावर रडू नये.

आणि पाणी. हृदयाभोवती, फुप्फुसाभोवती, पोटात, कातडीखाली, यांपैकी दोन जागी पाणी साचलं की त्याला हायड्रॉप्स म्हणतात. वारही फुगलेली, जाड असते. अल्फात हायड्रॉप्स म्हणजे हृदय बंद पडायला आलं असंच नसतं. बऱ्याच बाळांत हृदय अजून जोर लावत असतं, आणि रक्ताचा वाढलेला साठा नि प्राणवायूची टंचाई यांमुळे पाणी झिरपतं. म्हणूनच उपचाराला वाव उरतो.

आईकडेही तितकंच लक्ष हवं. बाळाला हायड्रॉप्स असताना आईच्या अंगावर झपाट्यानं सूज आली, रक्तदाब चढला, डोकं ठणकू लागलं, धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. बाळाच्या आजाराचं जणू प्रतिबिंब आईत उमटतं, म्हणून याला मिरर सिंड्रोम म्हणतात. यात आईच्या जिवाला धोका असतो.

पायरी ६: पोटातच रक्त चढवायची वेळ आली तर

पोटातल्या बाळाला रक्त देण्याची सुरुवात १९६३ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला विल्यम लायली यांनी केली, आरएच विसंगतीच्या (आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह गटाचं) बाळासाठी. तेव्हा रक्त बाळाच्या पोटाच्या पोकळीत सोडत. आता सोनोग्राफीत बघत नाळेच्या शिरेत सुई घालतात, शक्यतो नाळ वारेला जिथं चिकटते तिथं. १८ आठवड्यांच्या आत शीर फार बारीक असते, तेव्हा पोटाच्या पोकळीचाच मार्ग उरतो.

रक्त ओ निगेटिव्ह, आईच्या रक्ताशी जुळवलेलं, पांढऱ्या पेशी काढलेलं, किरणं दिलेलं आणि घट्ट केलेलं, ७५ ते ८५ टक्के पेशी असलेलं. घट्ट अशासाठी, की आधीच ताणलेल्या हृदयावर पाण्याचा जादा भार पडू नये. सुई आत असताना एक जण सतत बाळाचे ठोके बघत असतो. एरवी ते मिनिटाला ११० ते १६० असतात, खाली घसरले तर थांबतात. अनुभवी हातांतही दर वेळी थोडा धोका असतोच. तिथं वर्षाला अशा किती प्रक्रिया होतात, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

एकदा देऊन भागत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी, साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत. रक्त मिळाल्यावर मेंदूच्या धमनीतला वेग लवकर उतरतो, हायड्रॉप्स ओसरायला काही आठवडे लागतात, हृदयाचा आकार सर्वांत सावकाश.

जन्मानंतरही या मुलाला आयुष्यभर रक्त लागतं किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावं लागतं. काहींना जननेंद्रियांचे किंवा हातापायांचे दोष असतात, ते विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मुद्दाम शोधायला सांगा. पूर्वी हा आजार म्हणजे शेवटच समजत. आता पोटात रक्त मिळालेली मुलं वाढताना दिसतात, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रक्त चढवतानाच आईच्या मूळपेशी बाळाला देण्याचे प्रयोगही झाले आहेत. हा रस्ता धरायचा की नाही, हे ठरवताना पुढच्या वीस वर्षांचा खर्च आणि जवळची रक्तपेढी, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवा.

आई स्वतः रुग्ण असेल तर

सिकलग्रस्त आईच्या बाळाचं रक्त चांगलं असू शकतं, पण वारेतून पुरवठा कमी पडून वाढ खुंटते. तिथं हृदयापेक्षा वजन, गर्भजल आणि नाळेचा डॉप्लर महत्त्वाचा. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलचं नेहमीचं औषध चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

थॅलेसेमिया मेजर (नियमित रक्त घ्यावं लागणारा जड प्रकार) असलेल्या मुली आता आई होऊ लागल्या आहेत. त्यांच्या बाबतीत आधी आईचं हृदय. लोह साठलंय का, हे एमआरआयच्या टी-टू-स्टार मापानं कळतं. २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर ठीक, १० च्या खाली असेल तर हृदयाला गंभीर धोका. लोह उतरवणारी गोळी गरोदरपणात सहसा बंद करावी लागते, म्हणून हिशेब आधीच करायचा.

या दोघींबाबत एक धोका हमखास विसरला जातो. वर्षानुवर्षं रक्त घेतलेल्या बाईच्या शरीरात परक्या रक्तगटांविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असू शकतात. ती वार ओलांडून बाळाच्या पेशी फोडतात. अशा बाळाला सिकल नाही, थॅलेसेमिया नाही, तरी रक्तक्षय होतो आणि हृदय मोठं होतं. म्हणून ही प्रतिपिंडं शोधणारी तिची इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २८ व्या आठवड्यात. प्रतिपिंडं निघाली तर पायरी ४ मधलं मेंदूच्या धमनीचं माप तिलाही लागू.

बाळ जन्मल्यावर

पोटात तपासणी झाली नसेल तर नाळेच्या रक्ताचा नमुना प्रसूतीच्या वेळीच ठेवायला सांगा. सिकल एचपीएलसीत जन्मतःच दिसतो. बीटा थॅलेसेमियासाठी त्या वयात एचपीएलसी पुरत नाही, डीएनए करावी लागते किंवा सहा महिने ते वर्षानंतर पुन्हा तपासावं लागतं. एसएस निघालं तर दोन-तीन महिन्यांच्या आत पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकलची लस. पोटात रक्त मिळालेल्या बाळाचा इको पहिल्या आठवड्यात, आणि त्याचा रक्तगट काही महिने दात्याचाच दिसेल, हे बाळाच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.